सुटलेला टॅप

टॅप मोडला की माणूस आधी हातातल्या हँडलकडे बघतो, मग भोकाकडे, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे. लेथवर केस पांढरे केलेला असो की कालच कामाला लागलेला, यात फरक पडत नाही. लोखंडात आटे पाडायचं हे हत्यार बोटाएवढंच, पण स्वभावाने भारी तिखट. कडक इतकं की त्याला ड्रिल लागत नाही, आणि ठिसूळ इतकं की जरा तिरकं गेलं की काचेसारखं तुटतं. निम्मं आपल्या हातात राहतं, निम्मं भोकात घट्ट बसतं, आणि चार दिवस खपून केलेल्या जॉबचं घोडं तिथेच अडतं.

असे अडकलेले तुकडे काढणारा एक म्हातारा त्या गल्ल्यांमध्ये होता. वर्कशॉपवाले त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे सुईण. अडलेलं हाताने सोडवतो, म्हणून सुईण. काकांना हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः एक पंजा घडवला होता. टॅपच्या अंगाला उभ्या खाचा असतात, त्या खाचांत पंजाची पोलादी बोटं सारायची, वरून कडं दाबायचं आणि फिरवायचं. किंचित मागे, तेवढंच पुढे, पुन्हा मागे. जोर करायचा नाही. जोर करणाऱ्याची बोटं तुटतात, पंजाची आणि कधीकधी स्वतःचीही, असं काका सांगत आणि ऐकणारे हसत.

मग नाक्यावर स्पार्कचं मशीन आलं. जॉब तेलाच्या टाकीत बुडवायचा, बटण दाबायचं आणि ठिणग्या आतला टॅप जाळून भुगा करणार. मशीनला चहा लागत नाही, मशीन गप्पा मारत नाही, आणि मशीन ‘कुणी मोडला हा?’ असं खवचटपणे विचारतही नाही. वर्कशॉपवाल्यांनी काकांना बोलावणं बंद केलं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. सोय दिसली की माणूस तिकडे जातो, काकाही गेले असते.

काकांचा फोन वाजेनासा झाला. त्यांना वाटलं, फोनच बिघडला. दुकानात नेऊन दाखवला तर दुकानदाराने आपल्या फोनवरून लावून बघितला, तो खणखणीत वाजला. ‘फोन ठणठणीत आहे, आजोबा,’ तो म्हणाला. काकांना तो बिघडलेला असता तर बरं वाटलं असतं.

बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं. बायको होती तेव्हा घरात रोज काही ना काही मोडायचं. कुकरची मूठ, कपाटाची कडी, खुर्चीचा पाय. ती मोडायची आणि हे कुरकुरत दुरुस्त करायचे, त्यांचा अर्धा संसार त्या कुरकुरीतच झाला. आता सगळ्या कड्या लागत होत्या, एकही खुर्ची डुगडुगत नव्हती. घरात मोडतोड व्हायलाही माणसं लागतात. मुलगा दूरच्या शहरात, तो फोन करायचा, ‘जेवलात ना? गोळ्या घेतल्यात ना?’ विचारायचा, आणि दोन्हीला हो म्हटलं की बोलायचं काही उरायचं नाही. काही दिवस असे जायचे की संध्याकाळी दूध आणायला गेल्यावर आवाजच फुटायचा नाही आणि दूधवाला विचारायचा, घसा धरलाय का?

अशात एका सकाळी फोन वाजला.

‘काका, ताई बोलतेय. पंपाची बॉडी आहे, बिडाची. लांब्याने शेवटच्या भोकात टॅप मोडलाय. स्पार्कच्या टाकीत जॉब मावत नाही. येता का?’

‘बघतो, जमतं का,’ काका म्हणाले आणि फोन ठेवायच्या आत पायात चप्पल सरकवली होती.

ताई म्हणजे वडिलांच्या मागे त्यांचं वर्कशॉप चालवणारी बाई. तिच्या वडिलांनाही काका ओळखत. कामाला चोख, बोलायला तुटक, आणि हिशेबात न बसणारं कुणाचं काही चालवून न घेणारी. लांब्या तिचा लेथवाला, इतका उंच की मशीनवर काम करताना प्रश्नचिन्हासारखा वाकायचा. खिडकीखालच्या बेंचवर ती बॉडी ठेवली होती, जवळजवळ माठाएवढी. कडेने भोकांची ओळ, बाकीच्या सगळ्यांत स्वच्छ आटे, आणि शेवटच्या भोकात काळा दात अडकावा तसा टॅपचा तुकडा.

‘कुणी मोडला हा?’ काकांनी विचारलं.

‘माझ्या हातून मोडला हो. पण मोडायची त्याचीच इच्छा होती,’ लांब्या म्हणाला.

‘हो, टॅप आत्महत्याच करतात. तुमच्यासारख्यांच्या हाताला कंटाळून.’

लांब्या खो खो हसला. काकांना स्वतःचा आवाज ऐकून बरं वाटलं.

‘संध्याकाळी गिऱ्हाइकाची गाडी येणार आहे,’ ताईने बजावलं. ‘नवं गिऱ्हाईक आहे, पहिलंच काम. आज वेळेवर दिलं तर पुढचंही आपल्याकडे येईल. होईल ना?’

‘होईल की.’

काकांनी पिशवी उघडली. आधी बारीक नळीने हवा मारून खाचांतला कीस उडवला, मग तेलाचे थेंब सोडले, मग पोलादी पंच टेकवून हातोडीने टिचक्या मारल्या, दार वाजवावं इतक्या हलक्या. तेल मुरेपर्यंत थांबायचं होतं. लांब्या लेथ चालू ठेवून तिथूनच ओरडून बोलत होता. त्याचा मेव्हणा ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून आला होता आणि आता त्याने खिडकीला स्वतःचा पडदा लावला होता.

‘काका, तुम्हीच सांगा, पडदा लावणारा माणूस जातो का कधी?’

‘पडदा ठीक आहे. कुंडी आणली की समज, मुळं धरली.’

‘आणली ना कालच!’

आता ताईसुद्धा हसली. काकांनी पंजाची बोटं खाचांत सारली, कडं दाबलं आणि हँडल हातात घेतलं. किंचित मागे. नाही. किंचित पुढे. नाही. पुन्हा मागे. असं बराच वेळ चाललं, आणि मध्येच हाताला काहीतरी वेगळं लागलं. आवाज झाला नाही, दिसलंही काही नाही. फक्त लोखंडाने धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं झालं. टॅप सुटला होता. काकांनी खात्रीसाठी पाव फेरा मागे घेतला. तो लोण्यातून यावा तसा आला. अजून थोडे फेरे की तुकडा तळहातावर.

नेमकी तेव्हाच ताई म्हणाली, ‘चहा सांगितलाय, काका. संपतच आलं ना तुमचं?’

संपतच आलं होतं. तुकडा काढायचा, भोक पुसायचं, पिशवी आवरायची. चहा घाईने प्यायचा, कारण काम झालेल्या माणसाने कामाच्या जागी रेंगाळू नये. मग रस्ता, जिना, कुलूप. अकराच्या आत ते घरी पोचले असते आणि पुढचा अख्खा दिवस त्यांच्यासमोर येऊन बसला असता.

‘छे, कुठलं!’ काकांच्या तोंडून निघालं. ‘चांगलाच बसलाय लेकाचा.’

आणि त्यांनी तो पाव फेरा पुढे फिरवून टॅप होता तिथे नेऊन ठेवला.

लोखंडाच्या बाबतीत आयुष्यात ते कधी खोटं बोलले नव्हते. बायकोशी बोलले होते, साहेबांशी बोलले होते, मुलाशी तर गोळ्यांवरून नेहमीच बोलत. पण जॉबशी नाही. त्यांना लाज वाटली आणि चहा आला. चहाबरोबर लांब्याच्या मेव्हण्याचा पुढचा अध्याय आला, तेव्हा लाज थोडी बाजूला सरकली. त्यानंतर काका पंजा लावून बसले, हात हलतोय असं दिसेल एवढंच हलवत राहिले आणि बोलत राहिले. कारखान्यातल्या त्या फोरमनची गोष्ट सांगितली, जो डोक्यावरचा चष्मा शोधत सगळ्या शिफ्टची झडती घ्यायचा. ती गोष्ट त्यांनी कितीतरी दिवसांत कुणाला सांगितली नव्हती. मध्ये एकदा टॅप सैल पडून वर येऊ लागला, तसा त्यांनी तो पुन्हा आत दाबला, या वेळी जरा जास्तच.

दुपारी ताईने आणि लांब्याने डबे उघडले. काकांनी डबा आणला नव्हता. ताईने न विचारता आपल्या डब्यातलं झाकणावर वाढून त्यांच्यापुढे सरकवलं. बायको गेल्यावर त्यांना कुणी असं न विचारता वाढलं नव्हतं. घास तोंडात असताना काकांच्या मनात आलं, आपण आज सुखी आहोत. तेवढंच, आणि ते खरंच होतं.

जेवण झालं. आता बास, असं काकांनी स्वतःला बजावलं आणि पंजा लावला. किंचित मागे.

टॅप हलला नाही.

पुन्हा मागे. नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. सकाळी त्यांनी टॅप दाबून आत नेला तेव्हा त्याच्या एका दाताचा कपचा उडाला असावा आणि तो आट्यांत पाचरीसारखा बसला असावा. काय झालं ते हाताला स्पष्ट कळत होतं, जणू भोकाच्या आत डोळे होते. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तेल घातलं, टिचक्या मारल्या, थांबले. घड्याळ मात्र थांबत नव्हतं. मग, दुसऱ्यांना आयुष्यभर जे करू नका म्हणून सांगितलं तेच त्यांनी केलं. जोर लावला.

कट्कन आवाज झाला. पंजाचं एक बोट तुटून टॅपच्या खाचेत राहिलं.

लेथ चालू होतं, तरी लांब्याने मान वळवली. पोलाद मोडल्याचा आवाज त्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही ऐकू येतो. मग तो पुन्हा मशीनवर वाकला. ताई काचेमागच्या तिच्या टेबलावरून उठली, बघितलं आणि परत बसली.

नंतरची दुपार काकांनी त्या भोकावर ओणवून काढली. आता एकच उपाय होता. टॅप ठिसूळ असतो, त्या ठिसूळपणाचाच फायदा घ्यायचा, टोकदार पंचने त्याचे आतल्या आत तुकडे करायचे आणि सुईने, चुंबकाने एकेक कण वेचायचा. डोळे चुरचुरू लागले, मान आखडली. सकाळी ज्या गप्पांसाठी त्यांनी हे सगळं केलं होतं त्या गप्पा आता बंद पडल्या होत्या. लांब्या त्यांच्याकडे न बघता काम करत होता, आणि काकांना वाटलं, आपल्या घरात आपण इतके एकटे कधी नव्हतो. तिथे निदान कुणापासून काही लपवायचं नसतं.

शेवटचा कण निघाला तेव्हा खिडकीतलं ऊन बेंचवरून उतरलं होतं. काकांनी भोक पुसलं आणि बोल्ट लावून बघितला. बोल्ट आत गेला, पण हिंदकळत. वरचे आटे पंचने खाल्ले होते.

‘नव्या आट्यांचा बुश बसवावा लागेल,’ ते म्हणाले. ‘भोक मोठं करून. आज नाही व्हायचं.’

ताईने बोल्ट स्वतः लावून बघितला, काढला, आणि फोन घेऊन दाराशी गेली. पलीकडचा माणूस काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण तो बराच वेळ बोलत होता. ताई मध्येमध्ये ‘हो’ म्हणत होती. मग म्हणाली, ‘नाही हो, कामगाराची नाही, चूक माझीच आहे. वेळेचा अंदाज माझाच चुकला.’

काकांनी पिशवीत पंजा टाकला. त्याच्या उरलेल्या बोटांतलं एक वाकडं झालं होतं.

ताई फोन ठेवून आली. ती ओरडेल अशी त्यांची अपेक्षा होती, इच्छाही होती. पण ती हळू आवाजात बोलली, आजारी माणसाशी बोलावं तशी.

‘काका, एक सांगू? रागावू नका. टॅप सकाळीच सुटला होता. मी आतून बघत होते, हँडल सरळ फिरलं होतं. तुमच्या हाताला कळलं नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. वयाचं असतं हे. बाबांच्या हातांचंही शेवटी असंच झालं होतं. तुम्ही आता आराम करा.’

तिने सुटकेचं दार उघडून दिलं होतं. काकांनी नुसती मान हलवायची होती. म्हातारा झालो, हात गेले, असं म्हटलं असतं तर लांब्याने पिशवी उचलून त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडलं असतं आणि गल्लीभर लोक हळहळले असते, सुईणीचे हात गेले म्हणून. त्यात अपमान नव्हता, उलट थोडा मानच होता. पण ते हात त्यांच्या मांडीवर पडले होते आणि त्या हातांनी आज एकदाही चूक केली नव्हती.

‘कळलं होतं,’ काका म्हणाले.

‘काय?’

‘सुटलाय ते. चहाच्या आधीच कळलं होतं. मीच परत आत फिरवला. दोनदा.’

ताईला अर्थ लागेना. ‘का?’

‘संपलं असतं ना काम.’

‘मग? संपवायलाच बोलावलं होतं तुम्हाला.’

‘संपलं असतं तर जावं लागलं असतं,’ काका म्हणाले. एकदा तोंड उघडलं तसं ते थांबेना. ‘घरी कुणी नाही गं. सकाळपासून झोपेपर्यंत बोलायला माणूस नाही. तू चहा सांगितलास, हा हसत होता. मला जायचं नव्हतं. हातांना काही झालेलं नाही. हात शाबूत आहेत.’

लांब्याने लेथ बंद केलं. मशीन थांबता थांबता बारीक होत गेलेला आवाज तिघांनी ऐकला.

ताईचा चेहरा लाल झाला. ‘म्हणजे मी त्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या त्या यासाठी?’

‘हो.’

‘गिऱ्हाईक गेलं तर ते यासाठी?’

‘हो.’

‘हात गेलेत म्हणाला असतात तर बरं झालं असतं, काका! निदान मला राग तरी आला नसता.’ ती वळली, पुन्हा फिरून आली. ‘मी तुम्हाला परत कामाला बोलावणार नाही. स्पार्कमध्ये मावत नसेल तर जॉब भंगारात घालीन, पण तुमच्या हातात द्यायचा मला धीर होणार नाही.’

‘बरोबर आहे,’ काका म्हणाले. खरोखर बरोबरच होतं. त्यांच्या जॉबला कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्या माणसाला उंबऱ्यावर उभं केलं नसतं.

ते पिशवी घेऊन उठले. दारापाशी पोचले तेव्हा ताई त्यांच्याकडे पाठ करून बेंच पुसत होती. न वळताच ती म्हणाली, ‘कामाला नाही म्हणाले मी. यायला नाही म्हटलेलं नाही.’

हे वाक्य काकांनी घरी नेलं आणि त्याचं काय करावं ते त्यांना उमजेना. बरेच दिवस ते गेले नाहीत. रागावले होते म्हणून नव्हे. कुणाकडे नुसतं कसं जायचं, तेच त्यांना ठाऊक नव्हतं. जन्मभर ते हातात हत्यार घेऊनच दुसऱ्याच्या दारात गेले होते. सासरी गेले तरी चहा येईपर्यंत पंखा उतरवून बसायचे, आणि बायको आईला म्हणायची, जावई आलाय की मिस्त्री? बोलणं, हसणं, बसणं सगळं ती सांभाळायची, आणि यांना वाटायचं ते आपोआपच होतं.

शेवटी एका दुपारी ते निघाले. जिन्यावरून पिशवी आणायला एकदा माघारी वळले, खाली रस्त्यावरून पुन्हा वळले, आणि दोन्ही वेळा तिला हात न लावता परत फिरले. रस्ताभर हात नुसते लोंबत होते. वर्कशॉपच्या दाराशी पोचल्यावर ते उभे राहिले. पुढे पाऊल टाकायला काहीतरी कारण लागतं आणि त्यांच्याकडे काही नव्हतं. याच्यापुढे अडकलेला टॅप काढणं काहीच नाही, असं त्यांना वाटलं. परत जावं म्हणून ते वळलेही.

लांब्याने आतून बघितलं. ‘काय काका? कुणी बोलावलं का तुम्हाला? आमच्याकडे तर काही मोडलेलं नाही.’

ताईने मान वर केली.

काकांनी हात पाठीमागे धरले, मग पुढे घेतले. घसा खाकरला. शब्द साधेच होते, रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी दारात उभं राहून ते म्हणतंच, पण काकांना ते जुळवायला वेळ लागला.

‘नाही, काम काही नाही,’ ते म्हणाले. ‘सहज आलो.’

ताईने त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.